खांबातले दयाळ

मागच्या दारावर गुरुजींनी सूचना लावली तेव्हा घरात माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक सूचना लिहिणारं होतं. म्हणजे सूचना कुणासाठी होती हे वेगळं सांगायला नको. पुठ्ठ्यावर ठळक वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सकाळी सहा ते सायंकाळी सात मागील वाडीत प्रवेश बंद. आदेशावरून.' तेहतीस वर्षं झरीच्या शाळेत अशा सूचना लिहून हात बसलेला. माणूस शाळेतून निवृत्त होतो, पण शाळा काही माणसातून निवृत्त होत नाही. समोर वर्ग नसला तर तो बायकोचाच वर्ग करतो.

नयनने सूचना वाचली, हातातली बोंबलांची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, मग हे टांगायचं कुठे? गुरुजी म्हणाले, हळू बोल, मादी अंड्यांवर बसली आहे.

गुरुजींचं नाव चिमण. नाव चिमण असूनही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत या गृहस्थाने चिमणीकडेसुद्धा मान वळवून पाहिलं नव्हतं. आता त्यांना दयाळ लागले होते. काळा-पांढरा, शेपटी उभी करून मिरवणारा नर आणि राखी रंगाची, कामात असलेली मादी. वाढवणला समुद्राच्या अंगाने ज्यांची घरं आहेत त्यांना हे पाखरू नवं नाही. पहाटे बायका चूल पेटवायला उठतात तेव्हा हा आधीच उठून माडावर गात असतो. नयन त्याला 'सकाळवाला' म्हणायची. त्याचं पुस्तकातलं नाव दयाळ आहे हे तिला गुरुजींनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर परत विचारूनही घेतलं.

घरटं कुठे करावं याची अक्कल त्या पाखराला असती तर पुढचं काही घडलंच नसतं. वाडीत चिकूची दोन झाडं होती, माड होते, पडकी न्हाणी होती. ते सगळं सोडून दयाळांनी घरटं केलं होतं ते नयनच्या वलांडीच्या खांबात. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा मांडव. खांब रोवायचे, आडवे बांबू आणि दोऱ्या बांधायच्या, आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचे. बाकीचे खांब बांबूचे होते. मधला तेवढा माडाच्या जुन्या खोडाचा, आणि त्याला छातीच्या उंचीवर एक पोकळी पडली होती. त्या पोकळीत आता चार अंडी होती.

गुरुजींनी पुस्तक उघडून हिशोब मांडला. तेरा दिवस अंडी, तेरा दिवस पिल्लं. सव्वीस दिवस वलांडीला हात लावायचा नाही. माणसाच्या वावराने पक्षी घरटं सोडतात, आणि मासळीच्या वासाने कावळे-मांजरं येतात. सव्वीसच दिवस, ते म्हणाले, जसं काही वर्षातले कुठलेही सव्वीस दिवस सारखेच असतात.

ते सव्वीस दिवस होते एप्रिलच्या अखेरीपासून मे संपत येईपर्यंतचे. ज्याला सुक्या मासळीतलं काही कळत नाही त्यालाही हे कळेल. जूनला होड्या किनाऱ्यावर चढतात, मासेमारी बंद. पावसात ओली मासळी नाही. म्हणून मे महिन्यात तलासरी, उधवा, डोंगराच्या पायथ्यापर्यंतच्या पाड्यांवरून माणसं आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यापुरतं, सुकं भरायला बाजारात येतात. बोंबील, करंदी, वाकट्या, जे असेल ते. वर्षभर बाजारात बसून जी ओळख कमवायची, ती या चार बाजारांसाठी.

आणि नयनला तलासरीच्या आठवडे बाजारात स्वतःची जागा होती. सव्वीस वर्षं ती तिथे बसत होती, वडाच्या सावलीच्या कडेला, भाजी विकणाऱ्या शुक्रीच्या शेजारी. ती जागा कागदावर कुणाच्या नावाची नव्हती. तिथे कागद चालत नाही, रिवाज चालतो. बाई आली नाही तर शेजारणीने तिची गोणी अंथरायची, वर दगड ठेवायचा आणि जागा धरायची. पण तीनच बाजार. 'तीन बाजार गोणीचे, चौथा माणसाचा' असं तिथे म्हणतात. चौथ्या बाजारी ऊन गोणीवर चढेपर्यंत बाई आली नाही तर गोणी उचलायची, आणि जी उभी असेल तिने बसायचं. माल न आणता नुसतं येऊन बसलेलं चालत नाही. मग भांडायचं नाही. बाळंतीण असो, घरात मयत झालेली असो, रिवाजाला पान्हा फुटत नाही. त्याशिवाय रानातून चार कोस चालत आलेल्या बायकांना कधी जागा मिळणार?

सव्वीस दिवसांत बाजार चार येत होते. नयनने बोटांवर मोजले, पुन्हा मोजले.

आता कुणी विचारेल की ही बाई गुरुजींना सरळ नाही का म्हणाली नाही. सव्वीस वर्षं टेम्पोच्या मागे उभी राहून डोंगराकडे जाणारी, पाटीला हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाला शब्दाने गार करणारी नयन एका पुठ्ठ्याला का भ्याली? पुठ्ठ्याला नाही भ्याली. गुरुजींच्या गप्प बसण्याला भ्याली.

तेहतीस वर्षं गुरुजी झरीला राहिले. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. संसार झाला तो रविवारचा. निवृत्त होऊन ते कायमचे घरी आले तेव्हा नयनला आपण नव्याने लग्न केल्यासारखं वाटलं होतं, थोडी लाजलीही होती. पण माणूस येऊन ओट्यावर बसला तो बसलाच. समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. आंघोळ सांगितली तर करायची, ताट आलं तर जेवायचं. आठ महिन्यांत घरात चार वाक्यं झाली असतील. त्यातलं एक तिच्या काळजात रुतून बसलं होतं. एकदा दुपारी त्यांनी तिला शांतपणे विचारलं होतं, "नयन, मी आता कशाला हाय?" त्या दिवसापासून बाजाराला जाताना ती शेजारी राहणाऱ्या जावेच्या मुलीला ओट्यावर बसवून जायची, आणि विहिरीवरचा दोर घरात आणून ठेवायची.

मग फेब्रुवारीत वापीला नोकरी करणारा मुलगा मितेश आला आणि त्याने बापाच्या हातात कॅमेरा दिला. पहिल्या दिवशी गुरुजींनी कावळ्याचे साठ फोटो काढले. तिसऱ्या दिवशी स्वतःहून दाढी केली. आठवड्याने दयाळाचा नर स्कूटरच्या आरशातल्या स्वतःशीच भांडताना त्यांना सापडला, आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. नयन पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि मोरीत जाऊन रडली. त्या दिवशी तिने मनात त्या पाखराला नारळ बोलला होता.

असं असताना त्या माणसाला ती कसं सांगणार, की तुमचं घरटं बाजूला करा, मला बोंबील टांगायचे आहेत?

पहिला बाजार असाच गेला. शिल्लक सुकं एप्रिलमध्येच विकून संपलं होतं. तिने क्रांतीला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, सांगितलं की शुक्रीला माझी गोणी अंथरायला सांग. क्रांतीचं स्वतःचं बसणं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. तिची वलांडी मे महिन्यात इतकी गच्च भरलेली की तिच्यावर आणखी एक शेपूटही अडकवायला जागा नव्हती, आणि गावात सगळ्यांचंच तसं होतं. मे महिन्यात दुसऱ्याच्या वलांडीवर जागा मागणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालणं.

गुरुजींनी बैठक मांडली ती सुक्याच्या खोलीत. वाडीकडे उघडणारी ती छोटी खोली रिकामीच होती. दारावर जुनं गोणपाट टांगून त्याला भोक पाडलं आणि भोकातून कॅमेऱ्याचं नाक बाहेर काढलं. आत बाकडं, पाण्याची बाटली, वही. वहीत नोंदी: 'नर आला, ७.१२. अळी. नर गेला, ७.१३.' मादी अंड्यांवरून कधी उठली, कधी बसली, सगळं मिनिटासकट. शाळेच्या हजेरीपटावर एवढा जीव लावला असता तर केंद्रप्रमुखांनी सत्कार केला असता.

नयनचं घर तेवढं आकसत गेलं. मागचं दार बंद म्हणून मोरीचं काम आत. कपडे पुढच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मिक्सर नाही, कारण मादी दचकते. विहिरीचा पंप सात वाजल्यानंतर. चहा द्यायचा तर पुढच्या दाराने निघून क्रांतीच्या कुंपणातून वळसा घालून, वाकून, सुक्याच्या खोलीच्या मागच्या झडपेतून. दुपारी जेवताना गुरुजी कॅमेऱ्याच्या पाठीवरचे फोटो दाखवायचे. फेब्रुवारीतल्या काही फोटोंत दयाळाच्या मागे एक निळा ठिपका होता. ती नयन होती, दोरीशी काम करताना. गुरुजी म्हणायचे, तू मध्ये आलीस नाहीतर हा फोटो छान होता. मग त्यांनी ते कापायचं शिकून घेतलं, आणि पुढच्या फोटोंत दयाळ तेवढे उरले.

पहिल्याच दिवशी तिने एकदा सांगून पाहिलं होतं की हे पाखरू दरवर्षी तिथेच असतं, त्याला माझी सवय आहे. गुरुजींनी पुस्तकातलं पान काढून बोट ठेवलं. ती खोटं बोलत होती असं ते म्हणाले नाहीत, चुकत होती असं म्हणाले. चुकीच्या उत्तरावर गुरुजी कधी रागवायचे नाहीत, फक्त पुढच्या मुलाकडे वळायचे. इथे पुढचा मुलगा नव्हता, म्हणून ते पुस्तकाकडे वळले.

दुसरा बाजार गेला. संध्याकाळी क्रांती टेम्पोतून उतरली ती थेट नयनच्या ओट्यावर आली. शुक्रीने विचारलं होतं, तुझी जाऊ आजारी आहे का. क्रांतीने काय सांगायचं? जाऊ पाखरामुळे अडकली असं सांगितलं तर बाजार आठवडाभर हसला असता. तिने ताप आहे म्हणून सांगितलं. जाता जाता ती म्हणाली, ताई, एक झाडू घे आणि रात्रीत काढून टाक ते घरटं, मांजराने नेलं म्हण. नयनने तिला गप्प केलं. पण ती गेल्यावर तिने तो झाडूचा विचार पुन्हा एकदा केला, हे खोटं नाही.

बाराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. चारही. गुरुजींनी क्रांतीच्या घरी पेढे पाठवले.

आणि इथून गाडी बिघडायला लागली. नयनला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं, वहीत लिहिणाऱ्याला दिसत नव्हतं. मादी उडून कुंपणापलीकडे जायची ती लवकर परत यायची नाही. यायची तेव्हा चोचीत एखादा नाकतोडा, कधी काहीच नाही. खांबातून पिल्लांचं ओरडणं दिवसभर थांबत नव्हतं. वाडी आता स्वच्छ, शांत, सुनी होती. त्या सुन्या वाडीत एक भारद्वाज यायला लागला, तांबड्या पंखांचा, मोठा, दुसऱ्यांची पिल्लं पळवणारा, खाली चालत चालत खांबापर्यंत येऊन मान वर करून बघणारा. गेल्या सहा वर्षांत त्याची वाडीत पाय टाकायची हिंमत झाली नव्हती, कारण पहाटेपासून तिथे नयन असायची.

तिसरा बाजार गेला. क्रांतीने शुक्रीचा निरोप आणला आणि तो तिने जसा होता तसा दिला. "तीन झाले, बाय. चौथ्याला तू नाय आलीस तर मी गोणी उचलेन. मग माज्यावर राग धरू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाच्या बुंध्याशी एक पिल्लू पडलेलं होतं. अंगावर मुंग्या. गुरुजींनी त्याचे अकरा फोटो काढले आणि वहीत लिहिलं, 'एक मृत. नैसर्गिक.' नयनने झडपेतून चहा आत सरकवताना ती ओळ वाचली. तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिचा बाजार चालला होता, तो एका जिवासाठी चालला असं ती स्वतःला समजावत होती. आता जीवही चालला होता, आणि वर त्याला नैसर्गिक म्हणत होते.

ती क्रांतीकडे गेली. क्रांतीच्या नवऱ्याची होडी पहाटेच किनाऱ्याला लागली होती. नयनने ताज्या बोंबलांची पाटी उचलली, घरात आली आणि मागचं दार उघडलं. पुठ्ठा खाली पडला, त्यावर पाय देऊन ती वाडीत उतरली.

गोणपाटामागून गुरुजींचा दबका आवाज आला, आत जा, आत जा म्हणून. ती वलांडीशी गेली. पाटी नेहमीच्या दगडावर ठेवली आणि पहिल्या दोन बोंबलांचे जबडे एकात एक अडकवले. मग गोणपाटाकडे न बघता म्हणाली, "सहा वर्षं ही ह्याच खांबात बसते. मी हिच्या डोक्यावर बोंबील टांगते. तुमी शनिवारी येत होता."

तिने पाटी संपवली, दुसरी आणली. तासाभरात वास पसरला आणि माश्या आल्या, नेहमीसारख्या, ढिगाने. मादी कुंपणावर येऊन बसली. तिथून दोरीवर. नयनच्या हातापासून वीतभर अंतरावर बसून तिने एक माशी टिपली, दुसरी टिपली, आणि खांबात शिरली. नरही आला. दुपारपर्यंत त्यांची ये-जा मोजायला वहीतल्या रेघा पुरल्या नाहीत. भारद्वाज कुंपणापर्यंत आला, नयनने हात उगारला, तो गेला. सुक्याच्या खोलीतून कॅमेऱ्याचा आवाज थांबत नव्हता.

जेवताना गुरुजींनी कॅमेरा तिच्यासमोर धरला. फोटोत दोरी होती, एकमेकांत अडकलेले दोन जबडे होते, ते धरलेला नयनचा खरखरीत, खवल्यांनी चमकणारा हात होता, आणि हाताला जवळजवळ टेकून ती राखी मादी, चोचीत माशी. गुरुजी म्हणाले, "चुकलं माझं." लग्नाला तीस वर्षं झाली होती, हा शब्द तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग म्हणाले की हा फोटो मी कापणार नाही. नयनला भरून आलं. तिला वाटलं, सुटले. बोंबील चार दिवसांत वाळतील, चौथ्या बाजाराला दोन टोपल्या होतील, आणि गोणीवर ऊन चढायच्या आत मी तिथे असेन. आनंदात तिने त्यांना आणखी एक भाकरी वाढली, आणि त्यांनी ती खाल्ली.

त्या फोटोनेच घात केला.

गुरुजींनी तो बोईसरच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. नविन नावाचा एक उत्साही तरुण त्या ग्रुपचा पुढारी. त्याचा रात्रीच फोन आला. असा फोटो आम्ही पाहिला नाही, आम्हाला यायचंय, पिल्लं उडायच्या आत. गुरुजींना कुणी सर म्हणून हाक मारल्याला वर्ष होत आलं होतं. नविनने त्या एका फोनमध्ये नऊ वेळा मारली. त्या मंडळींच्या कारखान्याची सुट्टी नेमकी बाजाराच्या दिवशी. गुरुजींनी या म्हणून सांगितलं, आणि मग नयनला सांगितलं.

तिने त्यांना बाजाराचा रिवाज पहिल्यांदाच सगळा समजावला. तीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. म्हणाले, जायलाच हवं, तुला अडवणारा मी कोण. फक्त उजाडताना अर्धा तास वलांडीशी उभी राहा. तू नसलीस तर मादी दोरीवर येत नाही. टेम्पो चुकला तर नविनची गाडी आहे, तो तुला तासाभरात तलासरीला सोडेल, मी शब्द घेतलाय.

नयनने त्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, तो ते त्या दिवसासाठी आत्तापासूनच झटकत होते. ओट्यावर भिंतीकडे बघत बसलेला माणूस कुठे होता आणि हा कुठे. ती बरं म्हणाली. त्या बरंवर तिला पुढे किती वेळा पश्चात्ताप झाला हे तिलाच माहीत.

बाजाराच्या दिवशी पाच वाजता तिने टोपल्या भरून, कापड बांधून पुढच्या ओट्यावर ठेवल्या. साडेपाचला गाडी आली. चार माणसं, चार कॅमेरे, तोफांसारख्या नळ्या. पावणेसहाला टेम्पोने रस्त्यावर हॉर्न दिला. क्रांतीने हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि टेम्पो गेला.

उजाडलं. नयन वलांडीशी उभी होती. टांगायला ओले बोंबील नव्हते, म्हणून नविनने तिच्या टोपलीतले सुकेच बोंबील काढून हातात दिले. काकू, टांगताय असं करा. सुक्या बोंबलाचे जबडे पुन्हा उघडत नाहीत, मोडतात. तिने सांगितलं. हरकत नाही काकू, दिसत नाही फोटोत. तिने मोडके बोंबील दोरीला लावले, काढले, पुन्हा लावले. हात थोडा वर. पदर जरा डोक्यावरून. तो घड्याळाचा हात नको, दुसरा. मादी आली, गेली, आली. अर्धा तास झाला, तास झाला. आपण काम करत नसून कामाचं सोंग करतोय याची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज त्या चौघांना साधेपणा म्हणून आवडत होती. गुरुजी प्रत्येकाला वहीतल्या नोंदी वाचून दाखवत होते.

साडेसातला ती म्हणाली, आता मला सोडा. नविन लगेच निघालाच होता, खोटं कशाला बोला. त्याने गाडीची किल्ली हातात घेतली. तेवढ्यात खांबाच्या भोकातून एका पिल्लाने डोकं काढलं. चौघेही जागीच बसले. आता उडेल, कुणी हलू नका. काकू, पाच मिनिटं, प्लीज. नयनने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, वर्गात ठेवायचे तसं.

आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत ती तिथे उभी राहिली, हात दोरीला, हलायचं नाही म्हणून. पिल्लू आत-बाहेर करत राहिलं. मग तिने हात खाली घेतला, कुणाला काही न बोलता घरातून पुढे आली, एक टोपली डोक्यावर घेतली, एक कमरेवर, आणि रस्त्याला लागली. मागून कुणी हाक मारली नाही. हाक मारली असती तर पिल्लू दचकलं असतं.

रिक्षाने डहाणू, तिथून चारोटीपर्यंत जीप, मग हायवेला दुसरी जीप, ती भरेपर्यंत थांबणं. अच्छाडच्या नाक्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. साडेदहाला ती बाजारात शिरली तेव्हा ऊन वडाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं.

तिच्या जागेवर रूपी बसली होती. उधव्याकडची तरुण बाई, गेली तीन वर्षं बाजाराच्या तोंडाशी उभ्याने विकणारी. तिने पुढे करंदीचा ढीग नीट रचला होता आणि पहिलं गिऱ्हाईक होऊन गेलं होतं. नयनला बघून ती उठली नाही, पण तिने मान खाली घातली. तिची काही चूक नव्हती. नयनलाही ते माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळे तिला भांडताही येईना.

शुक्रीने भाजीमागून नयनची गोणी काढली. ती झटकून नीट घडी घातलेली होती. "ऊन गोणीच्या दुसऱ्या टोकाला गेलं तवर धरली, बाय," ती म्हणाली. "लोक बोलाया लागले. मग उचलली." तिचे डोळे भरले होते. नयनचे दोन्ही हात टोपल्या धरण्यात अडकले होते, म्हणून शुक्रीने गोणी तिच्या खांद्यावर ठेवली.

कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला. तो वाजतच राहिला तेव्हा शुक्रीनेच काढून तिच्या कानाला लावला. गुरुजी होते. आवाज इतका मोठा की रूपीलाही ऐकू जात असेल.

"नयन, उडाली गं. तिन्ही उडाली. नऊ वाजून पाच मिनिटांनी शेवटचं. नविन म्हणाला, तुझ्यामुळे वाचली." मागे माणसं हसत-बोलत होती. "आता वाडी तुझी. पाहिजे तितकं वाळव, पाहिजे तेवढे बाजार कर. मी काही म्हणणार नाही. ऐकतेस ना?"

"ऐकते," ती म्हणाली.

शुक्रीने फोन तिच्या कमरेला परत खोचला. मे महिन्याचा बाजार, दोन्ही बाजूंच्या ओळी गच्च, गोणीला गोणी लागलेली. मागून लोंढा आला आणि तिला चार पावलं पुढे घेऊन गेला. पाड्यावरची एक म्हातारी तिच्या कमरेवरच्या टोपलीत डोकावली, बोंबील हातात घेऊन वास घेतला, माल चांगला आहे म्हणाली. ती तिचं जुनं गिऱ्हाईक होती, दर मे महिन्यात येणारी.

"बाय, आज उभी का तू?" म्हातारीने विचारलं. "टोपली खाली ठेव, मला घेऊ दे."

नयनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टोपली खाली ठेवायला जागा नव्हती.